बीटाचे मलईदार सूप: रवाळपणा, मातकट वास आणि विटकरी रंग यांवर उपाय हवा आहे

गोदाकाठची (बुधवार, रात्री ९.४०)

नमस्कार. माझ्या सासऱ्यांना गेल्या महिन्यात नवी कवळी बसवली आहे. हिरड्या अजून हुळहुळ्या असल्यामुळे चावावे लागेल असे काही महिनाभर देऊ नका, असे दंतवैद्यांनी बजावले आहे. ज्या माणसाला रोज ताटाच्या डाव्या बाजूला बीटाची कोशिंबीर लागते, त्याच्यासाठी ही शिक्षाच आहे. म्हणून बीटाचे दाट, गुळगुळीत, सायीसारखे जिभेवरून उतरणारे सूप करून द्यावे असे ठरवले. आतापर्यंत दोनदा केले आणि दोन्ही वेळा ते फसले, तेही अगदी उलट प्रकारांनी.

पहिल्या वेळी चार बीट सोलून त्यांच्या फोडी केल्या, त्यात दोन टोमॅटो, एक गाजर आणि एक कांदा घालून सगळे एकत्रच कुकरला लावले. पाच शिट्ट्यांनंतर मिक्सरमधून काढले, पुन्हा उकळत ठेवले, त्यातच घरची साय घातली आणि वरून लिंबू पिळले. सूप रवाळ झाले. भिजवलेला रवा जिभेवर लागावा तसे कण लागत होते आणि सायीचे तुपकट दाणे वर तरंगत होते. शिवाय त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास होता, जो अंगणात कितीही सुखद असला तरी वाटीत सहन होत नाही.

दुसऱ्या वेळी शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून टोमॅटो वगळला आणि कुकरमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा घातला. बीट लोण्यासारखे शिजले, पण रंग पार बिघडला. मध्ये विटकरी आणि काठाला पिवळट तपकिरी. सासऱ्यांनी वाटीकडे पाहून, ‘ही कालची आमटी आहे का?’ असे अगदी शांतपणे विचारले.

आज इथल्या नाशकातल्या गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारातून पाल्यासकट किलोभर बीट आणले आहेत. घरात मिक्सर आहे, पण हँड ब्लेंडर आणि ओव्हन नाही. नेमके कुठे चुकते आहे, हे जाणकारांनी सांगावे.

माजघर (बुधवार, रात्री १०.१५)

ताई, पहिल्या खेपेची चूक टोमॅटोची आहे, असे मला वाटते. आंबट घातले की भाजी ‘अडते’, हे आपल्याकडे पूर्वीपासून माहीत आहे. डाळ पुरती शिजल्याशिवाय चिंच किंवा आमसूल घालायचे नाही, असा माझ्या आईचा दंडक होता आणि भेंडी सोडली तर तो तिने कुणासाठी मोडला नाही. बीट मुळातच चिवट. त्याला टोमॅटोच्या आंबटात शिजायला लावले तर सुरी आत जाते म्हणून ते शिजल्यासारखे वाटते, पण वाटल्यावर त्याचे कण एकजीव होत नाहीत.

दुसरे असे, की तुमच्याकडे पुरणयंत्र नक्की असेल. त्याची सगळ्यांत बारीक जाळी लावून शिजलेले बीट त्यातून फिरवा. दोरे आणि शिरा वरच राहतात. मात्र यंत्र जुने पितळी असेल आणि त्याची कल्हई उडालेली असेल, तर त्यात लिंबू किंवा ताक लागलेले काही घालू नका, कारण ते कळकते.

प्रयोगवही (बुधवार, रात्री ११.०५)

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि स्वयंपाकघरात बायकोच्या परवानगीने लुडबुड करतो, त्यामुळे हे दोन्ही अनुभव वाचताना मला फार आनंद झाला. एकाच वस्तूवर आम्ल आणि अल्कली यांचे परिणाम आपण स्वतंत्रपणे करून पाहिलेत, जे माझे विद्यार्थी सांगूनही करत नाहीत.

माजघर यांचा अंदाज अचूक आहे. भाजीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ शिजताना विरघळतो आणि भाजी मऊ होते. पाणी आंबट असले की हे विरघळणे मंदावते, आणि सोड्याने पाणी अल्कधर्मी झाले की ते झपाट्याने होते. म्हणून पहिल्या वेळी कण राहिले आणि दुसऱ्या वेळी लोणी झाले.

आता रंगाकडे वळतो. जांभूळ, द्राक्ष आणि कोकम यांचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो, पण बीटाचा रंग बीटालेन नावाच्या अगदी वेगळ्या गटातला आहे. लाल माठाच्या भाजीचे पाणी आणि बोगनवेलीची गुलाबी पाने यांच्यातही तोच गट असतो. त्यातले मुख्य द्रव्य म्हणजे बीटानिन. ते साधारण ४ ते ६ पीएचच्या दरम्यान, म्हणजे सौम्य आंबट पाण्यात, सर्वांत टिकाऊ असते. अल्कलीत ते तुटते आणि त्याचा पिवळा तुकडा तेवढा मागे उरतो. तुमच्या वाटीच्या काठाचा पिवळटपणा तोच. ऊन, हवा आणि लांबलेली उकळी यांनीही हा रंग झिजतो, त्यामुळे वाटून झालेले सूप मोठ्या आचेवर रटरटत ठेवू नये.

मातकट वास जिओस्मिन या द्रव्याचा असतो. पहिल्या पावसात मातीतून येणाऱ्या वासातही हेच द्रव्य असते, तेव्हा ताईंनी दिलेली उपमा शब्दशः खरी आहे. त्याचा अत्यल्प अंशही माणसाच्या नाकाला कळतो. बीटाच्या सालीत आणि सालीलगतच्या भागात ते जास्त असते आणि आम्लाच्या सान्निध्यात त्याचे विघटन होते. कोशिंबिरीत आपण दही किंवा लिंबू घालतो, त्यामुळे तिथे हा वास फारसा जाणवत नाही.

थोडक्यात, आंबट हवेच आहे, पण बीट पूर्ण शिजल्यानंतर.

थोडे तिखट (गुरुवार, सकाळी ७.५०)

सोडा, पीएच वगैरे सर्व ठीक आहे, पण आपल्या नाशकात राहून काळ्या मसाल्याची आठवण कुणालाच झाली नाही, याचे वाईट वाटले. पाव चमचा काळा मसाला तुपात परतून घाला, मातीचा वास औषधालाही उरणार नाही.

माजघर (गुरुवार, सकाळी ८.२०)

मातीचा वास उरणार नाही हे खरे, पण बीटही उरणार नाही. हिरड्या दुखणाऱ्या माणसाला मसाल्याची मिसळ गाळून दिल्यासारखे होईल ते. काळा मसाला मटकीच्या रश्श्यात शोभतो, इथे नको.

निफाडकर (गुरुवार, सकाळी ९.१०)

आम्ही घरापुरते बीट शेतात लावतो, म्हणून निवडीबद्दल दोन शब्द. सूपसाठी लिंबापेक्षा मोठे आणि मोसंबीपेक्षा लहान असे बीट घ्यावेत. जमिनीत जास्त दिवस राहिलेला कंद थोराड होतो. तो आडवा कापला की आत पांढरट कडी ठळक दिसतात आणि तेवढ्याच भागात धागे असतात. असा कंद कितीही शिट्ट्या दिल्या तरी रवाळच लागतो. ताईंनी पाल्यासकट बीट आणले हे उत्तम, कारण पाला ताजा असेल तर कंदही ताजा असतो. मात्र घरी आणल्यावर पाला लगेच कापून वेगळा ठेवावा, नाहीतर तो कंदातले पाणी ओढतो आणि दोन दिवसांत कंद सुरकुततो. कापताना देठाचा दोन बोटे भाग कंदाला राहू द्यावा आणि खालची शेपटीही छाटू नये, म्हणजे अख्खा शिजवताना रंग बाहेर झिरपत नाही.

पाल्याची लसूण घालून परतून भाजी होते. तो चाकवत आणि पालकाचाच भाऊबंद आहे, टाकून देऊ नये.

गोदाकाठची (गुरुवार, सकाळी ११.३०)

सर्वांचे मनापासून आभार. प्रयोगवही सर, मी आयुष्यात प्रथमच रसायनशास्त्रात उत्तीर्ण झाल्यासारखे वाटले. तीन शंका आहेत. अख्खे बीट सालीसकट शिजवले तर सालीतला मातकट वास आत उतरणार नाही का? दाटपणासाठी बटाटा घालू की आणखी काही? आणि साय दाणेदार होते, त्याचे काय करावे?

पंगतवाला (गुरुवार, दुपारी ३.४५)

मी देवळाली कॅम्पच्या बाजूला लहान प्रमाणावर जेवणाच्या ऑर्डरी घेतो. हिवाळ्यातल्या लग्नांत स्वागताच्या वेळी बीटाचे सूप हल्ली बरेच जण मागतात, त्यामुळे या विषयात हात पोळून झालेले आहेत. तिन्ही शंकांची उत्तरे कृतीतूनच देतो. हे प्रमाण चार जणांसाठी आहे.

अर्धा किलो बीट, म्हणजे मध्यम आकाराचे चार, माती राहणार नाही असे चोळून धुवावेत. कुकरच्या तळाशी पेलाभर पाणी आणि जाळी ठेवून त्यावर बीट अख्खे ठेवावेत, पाण्यात बुडवू नयेत. चार शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून आणखी बारा मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. तळाचे पाणी गढूळ लाल दिसेल. ते मोहाने सूपमध्ये वापरू नये, सरळ ओतून द्यावे, कारण सालीचा वास पुष्कळसा त्याच पाण्यात उतरलेला असतो. बीट कोमट असताना अंगठ्याने दाबले की साल मोज्यासारखी निघून येते. तिच्याबरोबर खालचा पातळ थरही निघाला तर निघू द्या. शिजले की नाही हे सुरीने पाहू नका. चमच्याच्या मागच्या बाजूने फोड दाबा, ती उकडलेल्या रताळ्यासारखी चेपली पाहिजे. अडली तर पुन्हा कुकरला लावा, कारण पुढे मिक्सरने ती उणीव भरून निघत नाही.

बटाट्याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. उकडलेला बटाटा मिक्सरच्या पात्यांखाली जास्त फिरला की त्याचा स्टार्च बाहेर पडतो आणि सूपला खळीसारखा चिकटपणा येतो. त्याऐवजी दोन टेबलस्पून तांदूळ धुऊन घ्यावेत. घरात इंद्रायणी असेल तर अधिक चांगले. पातेल्यात एक टेबलस्पून तुपावर अर्धा चमचा जिरे, बोटाच्या पेराएवढे आले आणि एक मध्यम कांदा चिरून मंद आचेवर परतावा. कांदा पारदर्शक झाला की थांबावे, तांबूस होऊ देऊ नये, कारण तो करडेपणा शेवटी रंगात दिसतो. त्यावर तांदूळ आणि दोन कप पाणी घालून भात अगदी गरगट होईपर्यंत शिजवावा. दाटपणा याच भातातून येतो आणि त्याला स्वतःची चव नसल्यामुळे बीट झाकोळले जात नाही.

हे सगळे पूर्ण निवल्यावर बीटाच्या फोडींबरोबर वाटायला घ्यावे. इथे एक गोष्ट मी बऱ्याच उशिरा शिकलो. वाटताना पाणी कमीत कमी घालावे. भरपूर पाण्यात फोडी पात्यांपासून पळत राहतात आणि बारीक होत नाहीत. चटणीइतके दाट ठेवून मिक्सर तीन मिनिटे थांबत थांबत फिरवला की पेस्ट चकाकायला लागते. ती चकाकी दिसली की मगच पाणी घालून सैल करावे. दोन बोटांत चिमूट घेऊन चोळून पाहावी. कण लागला तर अजून वेळ आहे.

मग सूपच्या गाळणीतून पळीच्या पाठीने दाबून गाळावे, एकूण साधारण एक लिटर होईल इतके पाणी घालावे, मीठ आणि ताजी मिरपूड घालून मंद आचेवर फक्त कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवावे आणि आच बंद करावी. लिंबाचा रस एक चहाचा चमचा, आच बंद केल्यावर. साय त्याच्याही नंतर.

सायीचे दाणे होतात, कारण घरची साय म्हणजे लोणी होण्याच्या वाटेवर निघालेली वस्तू असते. ती उकळीत पडली की तिचे तूप वेगळे होते. तीन टेबलस्पून सायीत तितकेच थंड दूध घालून चमच्याने एकजीव करावे, चहाच्या गाळणीतून गाळावे, त्यात दोन पळ्या गरम सूप हळूहळू मिसळावे आणि हे मिश्रण पातेल्यात सोडावे. बाजारात मिळणारे २५ टक्के स्निग्धांशाचे फ्रेश क्रीम वापरले तर गाळण्याची गरज नाही, पण उकळी त्यालाही चालत नाही.

ऑर्डरसाठी करतो तेव्हा काजूची पेस्ट वापरतो, कारण ते सूप तासभर गरम ठेवावे लागते आणि काजू फाटत नाही. घरी त्याची आवश्यकता नाही.

प्रयोगवही (गुरुवार, सायंकाळी ६.१०)

पंगतवाला यांच्या कृतीत मला एकच भर घालायची आहे. पाणी कोणते वापरता, हेही पाहावे. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या जुन्या घरी टँकर किंवा बोअरचे पाणी असायचे आणि त्यात तूरडाळ कधीही धड शिजत नसे. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे पेक्टिन घट्ट होते, आणि असे पाणी उकळले की ते सोड्यासारखेच अल्कधर्मीही होते. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात केलेल्या बीटाच्या सूपचा रंगही टिकत नाही.

गोदाकाठची (गुरुवार, सायंकाळी ६.४०)

आमच्याकडे स्वयंपाकघरात महापालिकेचे, म्हणजे गंगापूर धरणाचे पाणी येते आणि डाळ व्यवस्थित शिजते. तो दोष वगळायला हरकत नाही.

सुगरण नाही (गुरुवार, रात्री ९.३०)

पंगतवाला यांनी ‘पूर्ण निवल्यावर’ हे दोन शब्द ओघात लिहिले आहेत. ते ठळक करण्यासाठी माझा अनुभव लिहिणे मी कर्तव्य समजतो.

मागच्या हिवाळ्यात पाहुणे दारात असताना मी उकळते बीट मिक्सरच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरले, झाकण दाबून धरले आणि कळ एकदम तीनवर नेली. पहिल्याच गरक्यात आत कोंडलेल्या वाफेने झाकण माझ्या हातासह वर उचलले. मनगट भाजले, ते आठ दिवसांत बरे झाले. भिंत मात्र पुढच्या रंगकामापर्यंत बरी झाली नाही. ओट्याशेजारी टांगलेल्या दिनदर्शिकेवर अशी फवारणी झाली, की साधे मंगळवार आणि गुरुवारही सुट्टीसारखे लाल दिसू लागले. आमच्या चिरंजीवांनी ते दाखवून शाळेला दांडी मारण्याचा प्रयत्न केला, तो वेगळा विषय.

घाईच असेल तर भांडे एक तृतीयांशच भरावे, झाकणाच्या मधली लहान टोपी काढून तिथे जाड फडके धरावे आणि कमी वेगावर सुरुवात करावी. चटणीच्या बंद भांड्यात किंवा वाफ बाहेर पडायला जागा नसलेल्या कोणत्याही लहान भांड्यात गरम पदार्थ वाटूच नये.

फरशीवर डाग पडलाच तर तो लगेच पाण्याने पुसावा. हा रंग पाण्यात विरघळणारा आहे, ताजा असताना निघतो. चुन्याच्या भिंतीला हे लागू नाही, हे मी स्वखर्चाने सिद्ध केले आहे.

उत्तरायण (शुक्रवार, पहाटे ५.२०)

नोकरीनिमित्त दोन वर्षे लिथुआनियात होतो, म्हणून थोडी माहिती. बीटाच्या प्रत्येक सूपला आपल्याकडच्या मेनूकार्डांवर ‘बोर्श’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, ती बरोबर नाही. युक्रेनचा बोर्श वाटलेला नसतो. त्यात बीट, कोबी, बटाटा यांचे तुकडे तसेच असतात आणि वर आंबट क्रीमचा गोळा सोडतात. २०२२ च्या जुलैमध्ये युनेस्कोने युक्रेनची बोर्श रांधण्याची परंपरा तातडीने जतन करण्याच्या वारशांच्या यादीत घेतली. ताईंना हवे आहे ते गाळलेले सूप हा त्याहून निराळा प्रकार आहे.

पण तिथले एक सूप सासऱ्यांना नक्की आवडेल. शाल्टीबार्शचाय नावाचे ते थंड सूप उन्हाळ्यात करतात. आपल्या ताकाच्या जवळ जाणाऱ्या केफिरमध्ये किसलेले शिजवलेले बीट, काकडी आणि शेपू घालतात आणि बरोबर गरम उकडलेले बटाटे वेगळे देतात. त्याचा रंग इतका भडक गुलाबी असतो, की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते खाण्याचे वाटत नाही. मला मात्र पहिल्या चमच्यातच घरची बीटाची कोशिंबीर आठवली आणि मी त्यात गुपचूप जिऱ्याची पूड घातली. कवळीची अडचण असेल तर बीट किसण्याऐवजी वाटून ताकात मिसळता येईल. ते तापवायचे नसल्यामुळे फाटण्याचा प्रश्नही येत नाही.

माजघर (शुक्रवार, सकाळी ८.००)

ही कल्पना मला फार आवडली. चैत्रात करून पाहीन, आत्ताच्या थंडीत ताक नको. गरम सूपमध्येच कुणाला दही घालायचे असेल, तर कढीप्रमाणे दह्याला चमचाभर बेसन लावून घुसळावे आणि सतत ढवळत राहावे. बेसनामुळे दही फाटत नाही, पण बेसनाचा कच्चा वास जाईपर्यंत ते उकळावे लागते आणि तेवढ्यात रंग उतरतो. म्हणून सायच बरी.

हिरवी वाट (शुक्रवार, दुपारी १.१५)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. घरात ज्येष्ठ व्यक्तीला रोज बीट देणार असाल, तर एक गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवावी. बीट खाल्ल्यानंतर काही जणांच्या लघवीला गुलाबी किंवा लाल छटा येते. ती बीटाच्या रंगद्रव्याची असते आणि बीट थांबवले की जाते. माझ्या परिचयातले एक आजोबा याच कारणाने रात्री अकरा वाजता रुग्णालयात पोहोचले होते आणि जेवणात काय होते, हे सगळ्या तपासण्या झाल्यावर विचारले गेले. बीट न खाताही लाली दिसली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे झाले आहेत, त्यांनी बीट रोज घेऊ नये, कारण त्यात ऑक्झलेट भरपूर असते. मधुमेह असेल तर या सूपमध्ये तांदूळही आहे, हे लक्षात घेऊन त्या जेवणातला भात कमी करावा.

गोदाकाठची (रविवार, सायंकाळी ७.२५)

तिसरा प्रयत्न आज दुपारी झाला, त्याचा वृत्तांत सविस्तर देते.

बीट जाळीवर अख्खे शिजवले. तीन मऊ झाले आणि सर्वांत मोठा अडला. कापून पाहिला तर निफाडकर यांनी लिहिलेली पांढरी कडी अगदी झाडाच्या बुंध्यासारखी दिसत होती. त्याला पुन्हा दहा मिनिटे दिली, तरी चमच्याखाली तो पुरता चेपला नाही, म्हणून त्याची रवानगी किसून थालीपिठात केली. तांदूळ इंद्रायणीचा घेतला. कांदा लासलगावकडचा उन्हाळ होता. तो चाळीतून निघालेला शेवटचा माल, त्यामुळे अर्धा कापून टाकावा लागला आणि उरलेला मोजून परतला.

सगळे परातीत पसरून तासभर निववले. सुगरण नाही यांची दिनदर्शिका डोळ्यांसमोर असल्यामुळे मिक्सरशेजारच्या आमच्या दिनदर्शिकेला आधी दुसऱ्या खोलीत हलवले. कमी पाण्यात वाटण्याची सूचना सगळ्यांत उपयोगी ठरली. पहिल्या मिनिटाला पेस्ट मंद, भरड आणि जरा फिकट दिसत होती. दुसऱ्या मिनिटाला भांड्याच्या कडेने वर चढू लागली, म्हणून थांबून उलथन्याने खाली ढकलली. तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी ती खरोखरच चकाकू लागली आणि भांडे तिरके केले तर रेशमी पदर सरकावा तशी एकसंध सरकली. बोटांत चोळली तेव्हा काहीही लागले नाही. तरी गाळली. गाळणीत चमचाभरच चोथा राहिला, पहिल्या वेळी गाळली असती तर वाटीभर निघाला असता.

लिंबाचा रस आच बंद केल्यावर घातला, तेव्हा एक गंमत पाहिली. पातेल्यातला रंग जरा काळपट जांभळा वाटत होता, तो ढवळता ढवळता उजळून डाळिंबी झाला. वास किंचित उरला होता, तोही आल्यामागे झाकला गेला. साय दुधात फेटून, गाळून, सूप मिसळून घातली. एकही दाणा झाला नाही.

सासऱ्यांनी दोन वाट्या घेतल्या. पहिली संपेपर्यंत काही बोलले नाहीत. दुसरी घेताना म्हणाले, ‘हे सार चांगले झाले आहे, पण याला सूप का म्हणता? आणि उद्या तुपात एक सुकी मिरची टाका.’

हिरवी वाट ताई, तुमची सूचना मी त्यांना जेवणाआधीच देऊन ठेवली आहे. आता शेवटची शंका. सूप जवळपास दोन वाट्या उरले आहे. ते उद्या तापवून दिले तर चालेल का?

पंगतवाला (रविवार, रात्री ८.१०)

झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवले असेल तर उद्या चालेल. फक्त तापवताना पातेले थेट आचेवर ठेवू नका, गरम पाण्यात ठेवून ढवळत तापवा, कारण त्यात साय आहे. पुढच्या वेळी लागेल तेवढेच सूप वेगळे काढून त्यात साय घालावी. बिनसायीचे सूप दोन दिवस चांगले राहते. भातामुळे ते उद्या घट्ट झालेले दिसेल, तेव्हा अर्धी वाटी गरम पाणी घाला, मीठ पुन्हा चाखा आणि लिंबाचे दोन थेंब वाटीतच पिळा.

सुकी मिरची अख्खीच टाका आणि वाढण्याआधी काढून घ्या. बिया हिरड्यांना लागतील.